मृगसाल, आखाजी आणि शाळेचे वर्ष

‘त्याचे वर्ष वाया गेले’ असे आपण एखाद्या मुलाविषयी म्हणतो, तेव्हा ते वर्ष पाडव्याचे नसते आणि जानेवारीचेही नसते. ‘शैक्षणिक वर्ष’ हे त्याचे कागदोपत्री नाव. घरात आपण नुसते ‘वर्ष’च म्हणतो. ते दोन इसवी सनांवर पसरते, म्हणून २०२३-२४ असे जोडीने लिहावे लागते.

अशी जोडी लिहिण्याची गरज इतिहासाच्या अभ्यासकांना नवी नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी पेशवाईतील मोडी कागद पाहिले, तर ‘सीत सबैन मया व अलफ’ यासारखे शब्द आढळतात. हा शुहूर सन ११७६, म्हणजे इ. स. १७७५-७६. अंक अरबी, पण सन सौर. सूर्य मृग नक्षत्रात आला की तो पालटे, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. १८१८ साली पेशवाई गेली. पुढे दप्तरांतून मृगसालही गेले आणि १८६७ पासून सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊ लागले. आजची शाळा मात्र पुन्हा मृगाच्याच सुमारास उघडते. हा मृगसालाचा वारसा आहे, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. ज्या जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेथे दुसरा मुहूर्त कोणता सापडणार?

खानदेशात आणखी एक वर्ष आहे, आणि शाळेशी खरी गाठ त्याचीच पडते. ते म्हणजे सालदाराचे वर्ष. आखाजीला (माहेरवाशिणींच्या झोक्यांचा सण तो हाच) जुना सालदार मोकळा होतो, नवे साल ठरते. आखाजी येते वैशाखात, शाळा उघडते जूनमध्ये. गरिबाघरचा पोरगा आखाजीला गुरांमागे ठरला, की जूनच्या पटावरून त्याचे नाव गळे. त्याचेही वर्ष जाई. पण ते नापासांत मोजले जात नसे, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नसे.

जो शाळेत पोचला, त्याच्यावर या वर्षाचा वेगळाच शिक्का बसला. आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी दाखल्यात १ जून लिहीत. अशी १ जूनची माणसे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर आहेत. त्यांतले जे सरकारी नोकरीत गेले, ते नियमाप्रमाणे ३१ मे रोजी निवृत्त होतात, आणि त्या दिवशी कचेऱ्यांत हारांचा तुटवडा पडतो.