वैमानिक कक्षातील रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्या

१/ वैमानिकाविना उडणारे प्रवासी विमान ही उद्याची कल्पना वाटते. तिची सुरुवात मात्र शतकापूर्वीची आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी याने उडत्या विमानात दोन्ही हात वर केले. त्याचा सहकारी पंखावर चालत गेला, तरी गायरोस्कोपच्या यंत्रणेने विमानाचा तोल राखला.

२/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले, तेव्हा विमानात ते एकटेच होते. पुढे विमाने मोठी झाली आणि कामे वाटली गेली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या ‘मलबार प्रिन्सेस’च्या काळात वैमानिकांच्या जोडीला दिशादर्शक, रेडिओ अधिकारी आणि फ्लाइट इंजिनिअर असत.

३/ मग एकेक खुर्ची रिकामी होत गेली. रेडिओ सुधारला, रेडिओ अधिकारी गेला. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे आलेल्या पहिल्या बोइंग ७४७ मध्ये, ‘एम्परर अशोका’मध्ये, दिशा यंत्रच ठरवत होते, दिशादर्शकाची गरज उरली नाही. १९८६ मध्ये आलेल्या एअरबस ए३१० मध्ये फ्लाइट इंजिनिअरचीही जागा नव्हती. उरले दोन वैमानिक.

४/ याच ‘एम्परर अशोका’ने १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईसाठी उड्डाण केले. मुख्य वैमानिकासमोरचे कल दाखवणारे उपकरण बिघडले आणि विमान उजवीकडे झुकल्याचे दाखवत राहिले. अंधारात क्षितिज दिसत नव्हते. त्यावर विसंबून त्याने विमान डावीकडे वळवत नेले. वांद्र्याजवळच्या समुद्रात २१३ जणांचा अंत झाला. अखेरच्या क्षणी फ्लाइट इंजिनिअरने ‘त्यावर जाऊ नका’ अशा अर्थाचा इशारा दिल्याचे ध्वनिमुद्रणातून दिसते.

५/ येथे संगणक असता तर? अनेक उपकरणांची तुलना करून विसंगत नोंद तो बाजूला ठेवू शकतो. परंतु २०१८ व २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमाने कोसळली, ती एका संवेदकाच्या चुकीच्या नोंदीवर यंत्रणेने विश्वास ठेवून नाक वारंवार खाली ढकलल्यामुळे. ३४६ बळी गेले. खोट्या आकड्याला माणूस फसला, तसेच यंत्रही फसले.

६/ मग २८ डिसेंबर २०२० पासून दिल्ली मेट्रोची गाडी चालकाविना कशी धावते? रुळांवर शंका आली की थांबता येते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले, तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ ओलांडून आलेली ती गाडी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उभी राहिली. हजाराहून अधिक प्रवासी बोटींच्या साहाय्याने सुखरूप बाहेर आले. आकाशात अशी उभे राहण्याची सोय नाही. शंका आली तरी उडत राहून निर्णय घ्यावाच लागतो.

७/ म्हणून विमान यंत्राला उडवता येईल का, हा प्रश्न आता तितका अवघड राहिलेला नाही. वांद्र्याच्या समुद्रावर शेवटचा इशारा तिसऱ्या खुर्चीवरून आला होता, आणि ती खुर्ची नंतर गेली. उरलेल्या दोन रिकाम्या करण्यापूर्वी तो इशारा वेळेवर कोण देणार, हे ठरवावे लागेल.