खांद्याचं अंतर

रिठद गावच्या पांदीतून तुम्ही तिरडी वाहताय. अर्ध्या वाटेवर विसावा येतो. तिरडी भुईला टेकते, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. खांद्यावर बांबूचा वळ उठलाय. मसणवाट किती लांब, हे गाव कोसांत मोजत नाही. किती जणांचे खांदे बदलले, त्यावर मोजतं.

तिरडी पुन्हा उचलता आणि पायाखालची काळी माती सरून वाळू लागते. खारा वारा तोंडावर येतो.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य. मुंबईतलं गिरगावाजवळचं सोनापूर. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. मरीन ड्राइव्हची जागा अजून पाण्याखाली आहे. एकाच पट्ट्यात हिंदूंचं स्मशान, मुसलमानांचं कबरस्तान आणि इंग्रजांची दफनभूमी. कधीकाळी हे गावाबाहेर होतं. आता वस्ती कुंपणाला भिडलीय, चितेचा धूर माडीच्या खिडक्यांत शिरतो. सरकारच्या मनात आहे, स्मशान इथून उठवून शिवडीला न्यायचं.

शिवडी! गिरगावातून दोन कोस तरी. तुमच्या शेजारचा खांदेकरी गप्प होतो. श्रीमंताचं कसंही निभेल. पण रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याने बाप एवढा लांब कसा न्यायचा? ऐन पावसात, चिखलातून? जगन्नाथ शंकरशेट, सगळ्यांचे नाना, सरकारपुढे उभे राहतात. स्मशान सोनापुरातच राहतं. त्यांच्या नावाला शाळा, रेल्वे, संग्रहालय अशी किती कामं जोडलेली आहेत. पण खांद्यावरचा बांबू सोसणाऱ्याला हे काम सगळ्यांत जवळचं वाटतं.

शिवडीला ख्रिस्ती दफनभूमी मात्र होते, १८६० च्या दशकात, पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात.

पुढचं पाऊल १८९६ च्या सप्टेंबरात पडतं. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखलाय. गोण्यांच्या वखारींत उंदीर मरून पडलेत. घरांना कुलपं लागताहेत, माणसं गावाकडे पळताहेत. आता जागेआधी माणसांचीच वाण पडते. एका दारात तिरडी बांधून तयार आहे, आणि चौथा खांदेकरी मिळत नाही. तुम्ही पुढे होता. मेलेल्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. विचारतही नाही.

मग २०२०. रस्ता सुना आहे. रुग्णवाहिकेतून चौघं उतरतात, नखशिखांत प्लास्टिकमध्ये. नात्यातलं कोणी खांद्याला नाही. वांद्र्याच्या कबरस्तानांत कोरोनाने गेलेल्यांना दफन करू नका, म्हणून शेजारच्या काही रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालय गाठलंय. २२ मे रोजी न्यायालय याचिका फेटाळतं : सन्मानाने अंत्यविधी होणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क मेल्यावरही माणसाची सोबत सोडत नाही.

कबरस्तानात तुम्ही बघता, काही काळाने तीच कबर पुन्हा उघडली जाते. ख्रिस्ती दफनभूमीत अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. खालचा आपली जागा वरच्याला देतो. एवढ्या दाटीत मेलेली माणसं सरकून घेताहेत.

मग जिवंतांनी का घेऊ नये? शहराच्या आराखड्यात शाळा आणि दवाखान्याइतकीच स्मशानाची आणि कबरस्तानाची जागा आधी आखली पाहिजे, आणि ती वस्तीतून खांद्यावर नेता येईल एवढी जवळ हवी. कुणाच्या तरी बापाला तिथे न्यायचंच आहे.

पायाखाली पुन्हा काळी माती लागते. विसाव्यानंतरची वाट. मागून कोणीतरी हलकेच म्हणतं, "सरका भाऊ, आता माह्या खांद्यावर द्या."

तुम्ही बांबू त्याच्या हाती देता आणि मागे चालू लागता.