मुलाचा चेहरा, मुलाची मिळकत

१९१२ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी माणसं जमवत होते, तेव्हा रोहिदासाच्या भूमिकेसाठी त्यांना मूल मिळेना. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचाही उपयोग झाला नाही. वनवास भोगणारं आणि शेवटी मरणारं मूल म्हणून आपलं पोर उभं करणं एकाही आईबापाला मानवेना. अखेर फाळक्यांनी आपला थोरला मुलगा भालचंद्र याला ती भूमिका दिली. चित्रीकरणाच्या दिवसांत तो पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला, आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य टिपलं गेलं, असं फाळक्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. पुढे १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आपल्याकडच्या कॅमेऱ्यासमोरच्या मुलाची कथा अशी एका घरातून सुरू होते. निर्माता आणि पालक इथे एकच होता, आणि मुलाच्या वतीने बोलणारं तिसरं कुणी नव्हतं.

सिनेमाच्या आधीपासून नाटक कंपन्या मुलं घेत होत्या. गोड गळ्याचा मुलगा दिसला की घरच्यांशी बोलणं व्हायचं आणि मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात राहायला जायचा. जेवणखाण, गाण्याची तालीम, फिरतीचे मुक्काम, सगळं तिथेच. दामूअण्णा जोशी यांची 'बालमोहन' मंडळी तर मुलांच्याच जिवावर उभी राहिली. साताऱ्याकडचा सौदागर गोरे दहाव्या वर्षी तिथे गेला आणि छोटा गंधर्व म्हणून महाराष्ट्रभर गाजला. गरीब घरातल्या मुलाला कला आणि पोट दोन्ही देणारी ही वाट होती, हे मान्य करायलाच हवं. पण कंठ फुटल्यावर मागे पडलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मुलांची नावं इतिहासात राहिली नाहीत.

घरची अडचण आणि मुलाचं काम यांचं नातं पुढेही तुटलं नाही. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले आणि घराची जबाबदारी थोरल्या लतावर आली. त्याच वर्षी मास्टर विनायकांच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये तिने काम केलं. तोंडाला रंग फासून दिव्यांसमोर उभं राहणं आपल्याला कधीच आवडलं नाही, असं लता मंगेशकर पुढे अनेकदा सांगत. कुटुंबाला गरज होती, म्हणून नावड गिळून तिने ते केलं.

जाहिरातीतल्या मुलाचा उगम मात्र वेगळा आहे. १८८६ साली इंग्लंडमध्ये जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराने साबणाचे फुगे उडवणाऱ्या आपल्या लहानग्या नातवाचं चित्र काढलं. पेअर्स साबणाच्या टॉमस बॅरटने ते विकत घेतलं, त्यात साबणाची एक वडी रंगवून घेतली आणि ते घरोघर पोचवलं. तो मुलगा, विल्यम जेम्स, मोठेपणी ब्रिटिश नौदलात ॲडमिरल झाला, पण लोक त्याला जन्मभर 'बबल्स' म्हणत राहिले. चार-पाच वर्षांच्या वयात दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय तो म्हातारपणापर्यंत वागवत होता.

आपल्याकडे कॅलेंडरांनी आधी बाळकृष्णाला कामाला लावलं. ग्राइपवॉटर विकण्यासाठी रांगता कृष्ण भिंतीवर आला. तो काळ बाळांसाठी क्रूर होता. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेलं अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी साडेसहाशेच्या वर गेलं होतं. नोंदणीतले दोष धरूनही आकडा हादरवणारा आहे. त्याच दशकात सरकारी प्रोत्साहनाने 'बेबी वीक' साजरे होऊ लागले, त्यांत बाळं तोलली-मोजली जाऊ लागली आणि धष्टपुष्ट बाळाला बक्षीस मिळू लागलं. पुढे गावोगावी झालेल्या सुदृढ बालक स्पर्धा याच वळणाच्या. डब्यातल्या दुधाच्या कंपन्यांनी हाच आदर्श उचलला आणि गुबगुबीत मूल दिसलं की आपल्या आयाबाया 'अगदी ग्लॅक्सो बेबी' म्हणू लागल्या. जगलेल्या, धडधाकट बाळाचं कौतुक समजण्यासारखं होतं. पण आपलं मूल दहा जणांसमोर ठेवून त्याचा नंबर लावून घ्यायचा, ही सवय पालकांना इथेच लागली.

साठच्या दशकात मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी खऱ्या मुलाला एक सुंदर पर्याय काढला होता. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी घडवली. पार्लेच्या ग्लुकोज बिस्किटावरची मुलगीही त्याच दशकातली, 'एव्हरेस्ट' या जाहिरात संस्थेच्या मगनलाल दहिया यांच्या हातची. ती खरी कोण, यावर वर्षानुवर्षं अफवा चालल्या. अखेर ते निव्वळ चित्र असल्याचं कंपनीला सांगावं लागलं. या मुली कधी थकल्या नाहीत, त्यांची शाळा बुडली नाही आणि मोठ्या झाल्या म्हणून त्यांना कुणी बदललं नाही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जाहिराती वाढल्या आणि हलतं-बोलतं, खरंखुरं मूल हवं झालं. रसनाची मुलगी, पुढे धाराच्या जाहिरातीत जिलबीसाठी घरी परतणारा मुलगा देशभर लाडके झाले. त्यांच्याकडे पाहून हजारो आईबाबांना वाटलं, आमचंही पोर इतकंच गोड आहे. पोर्टफोलिओ, कोऑर्डिनेटर, ऑडिशन, लूक टेस्ट हे शब्द मध्यमवर्गीय घरात शिरले ते तेव्हापासून. अंधेरीतल्या ऑडिशनच्या रांगेत आज तान्ही बाळंही असतात. सेटवर बऱ्याचदा एकाच भूमिकेसाठी दोन-तीन बाळं बोलावतात. एक रडलं की दुसरं उभं करायचं.

मुलाच्या वतीने बोलणारा कायदा या सगळ्यात फार उशिरा आला, आणि तोही मुलं पोळल्यावर. चॅप्लिनच्या १९२१च्या 'द किड'मधला जॅकी कूगन लहानपणीच लक्षाधीश झाला होता. सज्ञान झाल्यावर कळलं की पैसे उरलेलेच नाहीत. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, हाती आले जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्यातून १९३९ चा कॅलिफोर्नियाचा कायदा झाला: मुलाच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

आपल्याकडे बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली आणि चित्रपट, मालिका, जाहिरातींतल्या बालकलाकारांना अटींवर सूट दिली. २०१७ च्या नियमांनी त्या अटी स्पष्ट केल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळणार. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करायचं नाही.

पण नियम असले तरी सेटवर मुलासोबत आपलं माणूस का हवं, याचं उत्तर २०१८ मध्ये डेझी इराणी यांनी जाहीरपणे दिलं. पन्नासच्या दशकातल्या या लाडक्या बालतारकेने सांगितलं, की सहा वर्षांची असताना बाहेरगावच्या चित्रीकरणाला ज्याच्या हवाली तिला केलं होतं, त्यानेच तिच्यावर बलात्कार केला. साठ वर्षं ती हे मनात घेऊन जगली.

आता स्टुडिओ घरातच आला आहे. फोन आईच्या हातात, सोशल मीडियावरचं खातं बाबांच्या नावावर, चेहरा मुलाचा. पालक आणि निर्माता पुन्हा एकच झाले आहेत. फ्रान्सने २०२० मध्ये अशा मुलांची कमाई सुरक्षित ठेवणारा आणि आपले व्हिडिओ काढून टाकायला लावण्याचा हक्क मुलांना देणारा कायदा केला. मला तो हक्क सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मूल उद्या मोठं होणार आहे, हे त्यात लक्षात घेतलेलं आहे.

मुलाला मॉडेलिंगमध्ये पाठवणं हे पाप नाही. काही मुलांना कॅमेरा खरंच आवडतो. पण शंभर वर्षांचा हा मागोवा घेतल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: या कामात पालक मालक नाहीत, विश्वस्त आहेत. म्हणून नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला नकार द्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मुदत ठेवीची पावती डोळ्यांनी पाहा. उरलेले ८० टक्के घराच्या हप्त्यात जिरवण्याआधी ते कोणाच्या घामाचे आहेत, हे आठवा. मुलाच्या नजरेच्या टप्प्यात तुमच्यापैकी एक जण सतत असू द्या. आणि मूल 'नको' म्हणालं, तर दिवसाचा मेहनताना बुडाला तरी त्याला उचलून घरी आणायचं, हे पहिल्या ऑडिशनला निघण्याआधी दोघांनी आपसात ठरवून ठेवा. ते ठरवता येत नसेल, तर निघूच नका.