देव माणसासारखा असतो का? नरसीचा नामदेव आणि नांदेडचा ग्रंथ

मी लातूरचा, काम कोडिंगचं. आमची आजी विठोबाशी अरे-तुरे करून भांडते. कॉलेजात असताना मी तिला ऐकवलं होतं की देव काही माणूस नाही, तो ऐकत नसतो. ती गप्प बसली. ते मला अजून टोचतं.

म्हणून आज नामदेव. परंपरेनुसार जन्म 1270, गाव नरसी, आजचा हिंगोली जिल्हा. नैवेद्य खाच म्हणून विठ्ठलापुढे अडून बसलेला पोरगा तो हाच. पुढे औंढ्याला गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी पाय उचलून हलवले, तर ठेवतील तिथं पिंड! कथाच आहे, पण प्रश्न खरा: देव एका मूर्तीत मावतो का?

नंतर नामदेव पंजाबात गेले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शिखांचा देव निरंकार, जन्म न घेणारा. तरी त्या पदांत 'बीठल' ही हाक आहेच. आणि 1708 मध्ये, आपल्या नांदेडात, गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरू केलं. माणूस गुरू होणं तिथं थांबलं. शिंप्याच्या पोराचे शब्द असे शेजारच्या जिल्ह्यात परत आले, गुरू होऊन.

गंमत बघा, गुरुद्वारात मूर्ती नाही. पण ग्रंथावर चवरी ढाळतात, रात्री त्याला सुखासनाला नेतात.

हे आजीला फोनवर सांगितलं.

"मग? निजायला नको का त्याला?"