डोमोइक अम्ल विषबाधा

शिंपल्यांतून होणारी व स्मृतीवर घाला घालणारी तीव्र विषबाधा. 1987 च्या अखेरीस कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मसल जातीचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तेव्हा ती प्रथम ओळखली गेली. हे विष, म्हणजे डोमोइक अम्ल, शिंपल्यात तयार होत नाही. स्यूडो-नित्शिया ही सूक्ष्म शैवाले ते तयार करतात आणि पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यात ते साचते. शिजवल्याने ते नाहीसे होत नाही, हीच मोठी अडचण.

उलट्या, जुलाब व पोटदुखी 24 तासांत सुरू होतात. त्यापाठोपाठ डोकेदुखी, गोंधळ, झटके, क्वचित बेशुद्धी येते. विष मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रोगी यांना जास्त धोका.

या अम्लाची रचना ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनासारखी असते. ग्लुटामेटचे ग्राही ते अतिउत्तेजित करते, चेतापेशींत कॅल्शियम शिरते व त्या मरतात. सर्वाधिक हानी हिप्पोकॅम्पस या नव्या स्मृती घडवणाऱ्या मेंदूच्या भागाची. त्यामुळे कॅनडातील काही रुग्णांची बुद्धी व भाषा बऱ्यापैकी शाबूत राहिली, पण नवे काही लक्षात राहीना. त्यांच्यातल्या 84 वर्षांच्या एका रुग्णाला, आधी बरे वाटूनही, वर्षभराने अपस्माराचे झटके सुरू झाले. मृत्यूनंतरच्या तपासणीत दोन्ही हिप्पोकॅम्पस उद्ध्वस्त झालेले आढळले.

उतारा नाही; झटके आवरणे एवढाच उपचार. म्हणून अनेक देशांत शिंपल्यांच्या मांसात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक विष आढळल्यास विक्री थांबवतात.