वसईच्या कोटांतील यात्रा : डहाणू-तलासरीच्या भाविकांसाठीं थोडी पूर्वपीठिका

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांतील भाविकांची यात्रा वसईच्या कोटास निघावयाची आहे. त्या जुन्या शहराची हकीकत यात्रेकरूंस अगोदर ठाऊक असावी, म्हणजे केवळ पडक्या भिंती पाहून परत येण्याऐवजीं आपणांस तेथून कांहीं घेऊन येतां येईल, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

हल्लीं प्रवाशास वाटाड्याची वाण नाहीं. खिशांतील मोबाइल चालू करावा, कानांत बोंडें घालावीं, कीं आपण ज्या दगडापुढें उभे राहूं त्याची माहिती एक मधुर आवाज सांगूं लागतो. ही सोय चांगली आहे व तिच्यापासून ज्ञानही होतें. परंतु कानांतला आवाज ज्याचा त्यालाच ऐकूं येतो, आणि यात्रा ही एकट्याची नसते. शिवाय डहाणूचा कोळी, तलासरीचा वारली आणि परदेशचा पाहुणा या तिघांस तो आवाज एकच गोष्ट सांगतो. "हें शहर तुझें कोण?" हा प्रश्न तो विचारीत नाहीं. तो प्रश्न आपणच एकमेकांस विचारला पाहिजे, व त्याचें उत्तरही खरेपणानें दिलें पाहिजे.

शहर कसें वसलें

इ. स. १५३४ च्या डिसेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. मुंबईचीं बेटेंही त्यांतच गेलीं. उत्तरेकडून मोगल बादशहा हुमायून याची धास्ती होती, म्हणून सुलतानास समुद्रावरील या नव्या सत्तेशीं सख्य करणें भाग पडलें. पोर्तुगीजांच्या वतीनें गव्हर्नर नुनु द कुन्य यानें हा तह 'सां मातेउश' नांवाच्या गलबतावर केला. पुढें खाडीच्या मुखाशीं कोट उभा राहिला. त्याच्या तटाचा घेर सुमारें साडेचार किलोमीटर भरतो. तटाच्या आंत रस्ते, वाडे, बाजार, इस्पितळ व देवळें अशी पुरी नगरी होती. दमणपासून चौलपर्यंतच्या 'उत्तर प्रांताची' ती राजधानी होती, आणि हें वैभव सुमारें दोनशें वर्षें टिकलें.

आतां यांत आपला संबंध कोठें येतो? इ. स. १५५९ सालीं दमण पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. डहाणू व तारापूर हीं आपलीं ठाणीं त्या दमणच्या कक्षेंत मोडत, आणि सर्व उत्तर प्रांताचा सरदार वसईस राही. डहाणूच्या खाडीवरील किल्ला त्या काळाची साक्ष देत अद्याप उभा आहे. दुसरा संबंध रानाचा आहे. मनोरजवळील अशेरीगड पोर्तुगीजांनीं १५५६ सालीं घेतला, तो केवळ उंच जागा म्हणून नव्हे. सभोंवतालच्या जंगलांतील इमारती लांकडाची त्यांस मोठी गरज होती. वसईस व आगाशीस जहाजें बांधलीं जात, देवळांवर छपरें चढत, आणि त्यांस सागवान लागे. ज्या शहराचे वासे आपल्या डोंगररानांतून गेले, तें शहर आपणांस अगदींच परकें म्हणतां यावयाचें नाहीं.

कोटांत पाहण्याचीं स्थळें

कोटास मुख्य दरवाजे दोन आहेत. एक जमिनीकडचा आणि दुसरा दर्याकडचा. आपण जमिनीच्या बाजूनें आंत जाऊं. वाटेंत वज्रेश्वरीचें व नागेश्वराचें मंदिर लागतें. चिमाजी आप्पांचा पुतळाही तेथेंच आहे. हीं स्थळें पाहून 'हें आपलें नव्हे' असें म्हणून कोणी पुढें धांवूं नये. त्यांची हकीकत आपल्याच हकीकतीचा भाग आहे. ती पुढें सांगतों.

दोमिनिकन संन्यासी वसईस १५८३ सालीं आले. त्यांच्या देवळाच्या भिंती व त्यांची उंची पाहिली म्हणजे छप्पर असतां तें कसें दिसत असेल याची कल्पना येते. फ्रान्सिस्कन संन्याशांचें संत अंतोनीचें देऊळ त्यांच्याही आधींच्या काळांतील. त्याच्या जमिनींत थडग्यांच्या शिला बसविलेल्या असून त्यांवर पोर्तुगीज अक्षरें कोरलेलीं आहेत. तेथें क्षणभर थांबून मृतांसाठीं प्रार्थना करावी. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या शिलांवरील नांवें मानकऱ्यांचीं व अधिकाऱ्यांचीं आहेत. ज्यानें रानांत लांकूड तोडलें, ज्यानें दगड डोक्यावरून वाहिला, ज्या गुलामानें वाड्यांत पाणी भरलें, त्याचें नांव तेथें शोधून सांपडावयाचें नाहीं. प्रार्थना त्याच्यासाठींही करावी.

येशूसंघाच्या धर्मगुरूंचें देऊळ येशूच्या पवित्र नांवास वाहिलेलें होतें. त्याचा दर्शनी भाग अजून भव्य दिसतो. संत फ्रान्सिस झेवियर १५४८ सालीं वसईस आले होते, व त्यानंतर लौकरच येशूसंघाचें कार्य येथें सुरू झालें. त्यांच्या विद्यालयांतूनच तो मुलगा शिकून बाहेर पडला, ज्याच्यामुळें सर्व ख्रिस्ती जगास वसईचें नांव ठाऊक झालें.

शेवटीं दर्या दरवाजाजवळ संत योसेफाचें मुख्य देऊळ लागतें. त्याचा मनोरा खाडीवरून लांबून दिसतो. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, याचा जीर्णोद्धार झाला, असें तेथील शिलालेख सांगतो. त्यानंतर १६१८ च्या मे महिन्यांत भयंकर वादळ होऊन शहराची फार नासाडी झाली, तरी लोकांनीं पुन्हां छपरें घातलीं. मनोऱ्याच्या पलीकडे जेट्टी आहे. तेथें आज कोळी बांधवांच्या होड्या लागतात. वसईचा काळा दगड याच दर्यावाटेनें गोव्यास जाऊन तेथील देवळांच्या दर्शनी भागांत बसला.

वसईचा पुत्र

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज व आई याच मातींतली. येशूसंघाच्या गुरूंजवळ शिक्षण घेऊन ते जपानास गेले व तेथील लोकांची भाषा त्यांनीं आत्मसात केली. पुढें कांहीं काळ व्यापार करून पैसाही मिळविला. पण मन त्यांत रमलें नाहीं. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत धर्मबंधु झाले. जपानास पाठविलेल्या संन्याशांना तेथील भाषा येत नव्हती, म्हणून १५९३ सालीं दुभाषी या नात्यानें ते पुन्हां जपानास गेले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर चढवून मारण्यांत आलें, त्यांत हे एक होते. १६२७ सालीं त्यांस धन्यवादित म्हणून व १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं संत म्हणून जाहीर केलें.

या संताच्या ठिकाणीं आपण काय पाहावें? ते मोठे धर्मपंडित नव्हते. ते याजकही नव्हते. दुसऱ्याची भाषा आपली करून घेणें, आणि दोन लोकांच्या मध्यें उभें राहून एकाचें मन दुसऱ्यास कळविणें, हें त्यांचें जीवितकार्य. आपल्या धर्मग्रामांत मराठी, वारली, गुजराती अशा अनेक बोली एकाच मिस्साबलीस जमतात. आपला आश्रयदाता संत कोणीही असो, दुभाष्या गोन्सालोचें स्मरण आपल्या घरांत असावें हें बरें. उत्तर कोकणांत हें काम पूर्वींही झालें आहे. फ्रान्सिस्कन धर्मगुरु फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांचें प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण, १६५९ सालीं लिस्बन येथें छापलेलें, आपल्या पूर्वजांनीं आपल्याच बोलींत गाइलें.

पाडाव, आणि त्याचें कारण

इ. स. १७३७ सालीं मराठ्यांनीं उत्तर प्रांतावर मोहीम सुरू केली. १७३९ च्या जानेवारींत माहीम, डहाणू, तारापूर हीं ठाणीं पडलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव हा मराठ्यांचा नामांकित सरदार कामास आला. नंतर चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. दोन्ही बाजूंचीं माणसें अतोनात पडलीं. शेवटीं मे महिन्याच्या मध्यास शहरानें शरणागति पत्करली. चिमाजी आप्पांनीं देवीस केलेला नवस फेडला, तो वज्रेश्वरीचें मंदिर बांधून.

हें सर्व कां घडलें, हें सांगतांना आपण आपल्या मुलांपासून कांहीं लपवूं नये. पोर्तुगीज अंमलांत हिंदूंचीं देवालयें पाडलीं गेलीं. पोरक्या हिंदु मुलांस ख्रिस्ती करण्याचे हुकूम निघाले. १५६० सालीं गोव्यास धर्मन्यायालय बसलें व त्याचा वचक येथपर्यंत होता. अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्यांनीं पेशव्यांकडे दाद मागितली, ती उगीच नव्हे. धर्म हा प्रेमानें स्वीकारावयाचा असतो. त्याच्या नांवानें जेथें जबरदस्ती झाली, तेथें क्रूस उंच झाला नाहीं, झांकला गेला. हें आतां धर्मसभेनेंच उघड म्हटलें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ता. ७ डिसेंबर १९६५ रोजीं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि ता. १२ मार्च २००० रोजीं, महाज्युबिलीच्या वर्षीं, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं धर्मसभेच्या लेंकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली.

या पाडावाची एक खूण दूरवर पसरली आहे. वसईच्या देवळांतील घंटा मराठ्यांनीं विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. तिजवर १७२१ हें साल कोरलेलें आहे. भीमाशंकर व मेणवली येथेंही अशा घंटा आहेत. कोणी म्हणेल, त्या परत मिळाव्या. मला तसें वाटत नाहीं. मोडलेल्या देवालयांचे दगड आपण कोठून परत देणार? त्या घंटा आज शेजाऱ्यांस प्रार्थनेची वेळ सांगत आहेत; त्यांनीं तें करीत राहावें, आणि नाशिकास गेलेल्या आपल्या माणसानें तो नाद ऐकून मनांत रोष न आणतां हात जोडावे.

काय पडलें, काय उरलें

तहांत ख्रिस्ती लोकांना उपासनेची मुभा मिळाली होती. युरोपियन संन्यासी निघून गेले. त्यांच्या जागीं गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं प्रजेचा सांभाळ केला. येथें इतिहासाचा खरा धडा आहे. तट, तोफा, सरकार व सरदार यांच्या आधारानें जें उभें होतें तें सर्व पडलें. पण पापडी, सांडोर, निर्मळ, पाली या गांवांतील शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या घरांत जो विश्वास रुजला होता, तो राहिला. त्याच भूमीवर २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, आणि डहाणू-तलासरीचे आपण त्याच धर्मप्रांताचीं लेंकरें आहों. राजधानीशीं असलेलें आपलें जुनें नातें खंडणीचें व लांकडाचें होतें. आजचें नातें एका मेजाभोंवतीं बसणाऱ्या भावंडांचें आहे.

आतां ज्युबिली या शब्दाकडे वळूं. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें सांगितलें आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, बंधनांत असलेल्यास सोडावें, व ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. म्हणजे ज्युबिली ही मुळांत जेवणावळ नव्हे, मंडप नव्हे, स्मरणिकाही नव्हे. ती गरिबाच्या सुटकेची घोषणा आहे. आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं ता. २३ मे १९४५ रोजीं वारली बांधव जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. ती चळवळ किसान सभेची होती, श्यामराव व गोदावरी परुळेकर हे तिचे पुढारी होते, आणि त्यांच्या सर्व मतांशीं आपण सहमत असूं असें नाहीं. तरी त्या दिवशीं जी मागणी झाली, ती लेवीय पुस्तकांतील मागणीहून फारशी निराळी नव्हती. वनहक्काचा कायदा २००६ सालीं झाला. पण आपल्यापैकीं किती घरांच्या हातीं जमिनीचा कागद पोंचला आहे, हें प्रत्येक पाड्यानें आपापसांत विचारावें. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षांत कागद वाचतां येणाऱ्यानें न येणाऱ्याचा अर्ज लिहून दिला, तर गोन्सालोच्या दुभाषीपणाची परंपरा आपण चालविली असें होईल.

यात्रेकरूंस दोन शब्द

डहाणूरोडहून २०१३ पासून उपनगरी गाडी सुरू झाल्यामुळें वसईरोडचा प्रवास सोपा झाला आहे. कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. भिंतींवर नांवें कोरूं नयेत, थडग्यांच्या शिलांवर बसून जेवूं नये, मेणाचे डाग पाडूं नयेत. मोबाइलचा आवाज ज्यास ऐकावयाचा असेल त्यानें ऐकावा. परंतु येशूसंघाच्या देवळांत सर्वांनीं तो बंद करून एकत्र जपमाळ म्हणावी. छप्पर नाहीं म्हणून प्रार्थना अडत नाहीं. उलट तेथें ती सरळ आभाळाखालीं होते. वृद्धांस मनोऱ्याच्या पायऱ्या चढविण्याचा आग्रह करूं नये.

परत येतांना एवढेंच आठवावें : ज्यांनीं दगडांत धर्म शोधला त्यांचे दगड उरले, आणि ज्यांनीं शेजाऱ्यांत तो शोधला त्यांचा धर्म उरला. पुढील पन्नास वर्षांनीं जे या धर्मग्रामाचा इतिहास लिहितील, त्यांना आपल्या इमारतीच्या उंचीबरोबर आपण सोडविलेल्या माणसांचीं नांवेंही लिहितां यावीं, असें देव करो. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठीं विनंती करा. आमेन.