'ॲप'च्या आधीचं 'ॲप्ट'

पाटणहून एसटी पूर्वेला निघाली की कऱ्हाड लागतं. काही जण 'कराड' लिहितात, काही 'कऱ्हाड'. दुसऱ्या रूपातला 'ऱ्ह' नीट पाहा. तिथला अर्धा 'र' रफार होऊन डोक्यावर चढत नाही, बाजूलाच वाकून राहतो. ही खूण मराठीला रोज लागते, हिंदीला लागत नाही. त्यामुळे ती संगणकाला वेगळी शिकवावी लागली.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. त्याआधी लिनक्सवर नवं सॉफ्टवेअर टाकायचं, तर बहुतेकदा मूळ कोड आणून स्वतःच बांधावा लागे. डेबियनने त्याची पॅकेजेस केली. प्रत्येकात एक चिठ्ठी असते: मी चालायला आणखी काय काय लागेल. पण 'डीपीकेजी' हा जुना आज्ञावली-प्रोग्राम काय कमी आहे एवढंच सांगायचा, ते आणून द्यायचा नाही. एक आणायला जावं, तर त्याला तिसरंच हवं असायचं.

मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत 'ॲप्ट' आलं. आता 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' आणि पॅकेजचं नाव एवढी एक ओळ लिहिली की पुढची सगळी साखळी ते स्वतः शोधून आणू लागलं. काढण्याचेही प्रकार आहेत. 'रिमूव्ह' म्हटलं तर प्रोग्राम जातो, त्याच्या सेटिंग्ज राहतात. 'पर्ज' म्हटलं तर त्याही जातात. 'ऑटोरिमूव्ह' फक्त दुसऱ्यासाठी आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस हटवतं. आयफोनचं ॲप स्टोअर यानंतर नऊ वर्षांनी, २००८ मध्ये उघडलं.

गंमत अशी, की 'ॲप' या शब्दातल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांकही २००८ मध्येच मिळाला. देवनागरी तिथे १९९१पासून होती, पण मराठीचं हे अक्षर मागे राहिलं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये डेबियन ५ आलं आणि त्याचा इन्स्टॉलर मराठीत बोलू लागला. अक्षरं दाखवायला 'लोहित' हा मुक्त फॉन्ट होता. आजही 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज एका ओळीत बसतं आणि एका ओळीत निघतं.

हे करून पाहायला लॅपटॉपच हवा असं नाही. अँड्रॉइडवरच्या टर्मक्समध्येही ॲप्टच चालतं. टाका, वापरा, काढा.

मात्र इन्स्टॉलरमधली भाषा अशी एकदा टाकून कायमची राहत नाही. प्रत्येक आवृत्तीत नवी वाक्यं येतात आणि स्वयंसेवकांना ती भाषांतरित करावी लागतात. काम फार मागे पडलं, तर ती भाषा यादीतून वगळली जाते. तेव्हा 'रिमूव्ह'ची आज्ञा आपल्यापैकी कुणी दिलेली नसते. आपण फक्त भाषांतर करायचं राहून गेलेलं असतं.